वर्णपटाचे उपासक : प्रा. कावसजी नायगमवाला

‘तानापिहिनिपाजा’ हा शब्द ज्याने कधी घोकला नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणे कठीण. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो, आपण रंग क्रमाने लिहितो आणि प्रकाशाशी असलेला आपला संबंध बहुधा तेथेच संपतो. पुढे कलाशाखेत आलो की तो शब्दही विसरतो. आपल्या जिल्ह्यात तर इंद्रधनुष्य दिसायलाही आधी पाऊस पडावा लागतो, आणि तो आपल्या मर्जीने येतो! पण या सात अक्षरांच्या पुढे काय आहे, याचा शोध घेण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले असे एक प्राध्यापक पुण्यात होऊन गेले. भारतातील आधुनिक खगोलभौतिकीचे आद्य पुरुष म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांच्या चरित्रातील एक दिवस आपल्या बीड जिल्ह्याच्या अगदी शेजारी उगवला होता. त्या दिवसाकडे आपण पुढे येणारच आहोत.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. तेच मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचे वर्ष. पारशी समाजातील या बुद्धिमान तरुणाचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. १८७८ साली भौतिकी व रसायन हे विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि कुलपतींच्या पदकाचे मानकरी ठरले. एम. ए. हा शब्द वाचून आपल्या वर्गातील मित्रांनी दचकू नये. त्या काळी विज्ञान शिकणाराही एम. ए.च होत असे, विद्येची वाटणी अजून इतकी पक्की झालेली नव्हती. १८८२ साली त्याच महाविद्यालयात ते प्रायोगिक भौतिकीचे व्याख्याते झाले.

‘प्रायोगिक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. विज्ञान फळ्यावर सांगता येते तसे टेबलावर दाखवताही येते. प्रकाशाचे शिक्षण तर दाखविल्यावाचून होतच नाही. जन्मांधाला रंग समजावून सांगणे जितके अवघड, तितकेच लोलक हाती न घेतलेल्या विद्यार्थ्याला वर्णपट समजावून सांगणे अवघड. १८८० च्या सुमारास हा वर्णपट म्हणजे साऱ्या विज्ञानातले नवे कोरे नवल होते. ते काय होते हे समजून घेतल्याखेरीज नायगमवाला यांची तळमळ कळणार नाही, म्हणून थोडे मागे जाऊ.

जुन्या वाड्यांतल्या झुंबरांना काचेचे तिकोनी लोलक टांगलेले असत. सकाळचे ऊन त्यांतून गेले की भिंतीवर रंगीत पट्टे नाचू लागत. हे साऱ्यांनी पाहिलेले होते. परंतु काचच उजेडाला रंग लावते, असा समज होता. न्यूटनने १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत एका छिद्रातून सूर्याचा कवडसा घेतला, तो लोलकातून काढला आणि भिंतीवर रंगांचा लांबट पट्टा पाडला. मग त्यातला एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला. तो तांबडा होता तर तांबडाच राहिला. म्हणजे काचेने रंग घातलेला नव्हता; पांढऱ्या उजेडात सारे रंग मुळातच एकत्र नांदत होते, काचेने त्यांची फक्त फोड करून दाखविली. प्रत्येक रंग काचेत शिरताना वेगवेगळ्या प्रमाणात वळतो, जांभळा सर्वांत जास्त आणि तांबडा सर्वांत कमी, म्हणून ते एकमेकांपासून सुटे होतात. (रंग सातच का, असे कोणी विचारले तर खरे उत्तर असे की ते सात नाहीतच. पट्टा अखंड आहे, एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा, हा न्यूटनचा सोस. तो पारवा रंग निळ्यापासून वेगळा काढताना आपल्याला जे कष्ट पडतात, ते त्यापायीच!)

आज आपण म्हणतो की प्रकाश ही लहर आहे, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दहा हजारांश भागाच्या साधारण चौपट ते सातपट लांबीची असते. चौपटीच्या टोकाला जांभळा, सातपटीच्या टोकाला तांबडा. त्यापलीकडे दोन्ही बाजूंना उजेड आहेच, पण आपले डोळे तेथे आंधळे आहेत.

न्यूटनच्या पट्ट्यात जे दिसले नाही ते फ्राउनहोफर या जर्मन काच-कारागिराने १८१४ साली पाहिले. हा अनाथ मुलगा, लहानपणी काचेच्या कारखान्यात उमेदवारी करणारा. त्याने गोल छिद्राऐवजी बारीक उभी फट घेतली. गोल छिद्र असले की शेजारशेजारच्या रंगांचे गोल एकमेकांवर चढतात आणि बारकावे पुसले जातात. फट जितकी अरुंद, तितका पट्टा स्वच्छ. त्या स्वच्छ पट्ट्यात त्याला शेकडो काळ्या रेषा आढळल्या, जणू पैठणीच्या काठातून मध्येच धागे ओढून काढावेत. या रेषा कशाच्या, हे त्याला अखेरपर्यंत उमगले नाही. ते कोडे १८५९ साली हायडेलबर्गच्या किर्खोफ व बुन्सेन यांनी उलगडले. जळत्या ज्योतीत मिठाचा कण टाकला की ज्योत पिवळी होते, हे चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तो पिवळा उजेड फटीतून आणि लोलकातून नेला तर पट्टा दिसतच नाही, फक्त ठरावीक जागी पिवळी तेजस्वी रेषा दिसते. ती सोडियमची सही. सूर्याच्या पट्ट्यात नेमक्या त्याच जागी काळी रेषा आहे. तप्त वायू जो रंग बाहेर टाकतो, तोच रंग तुलनेने थंड असताना गिळतो. म्हणजे सूर्याच्या भोवती सोडियमची वाफ आहे! तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त काँत याने थोड्याच वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, घरात बसून सूर्यातील पदार्थांची यादी करता येऊ लागली. काँतचा मृत्यू १८५७ चा, म्हणजे नायगमवाला यांच्या जन्मवर्षातलाच.

हे ज्ञान पुस्तकात वाचून सांगायचे, की मुलांच्या डोळ्यांना दाखवायचे? एल्फिन्स्टनच्या या तरुण व्याख्यात्यापुढे हा प्रश्न असणारच. उपकरणे महाग आणि सारी विलायतेहून यायची. अशा वेळी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी पुढे आले. भावनगरला सामळदास महाविद्यालय काढणारे हेच महाराज. पुढे मोहनदास गांधी काही काळ तेथे शिकले. महाराजांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात वर्णपटाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्या काळचे दहा हजार रुपये! १८८४ साली उपकरणांच्या खरेदीसाठी नायगमवाला इंग्लंडला गेले.

येथे त्यांच्या आयुष्याला वळण लागले, आणि माझ्या मते त्या सगळ्या आयुष्याचा सारांश या वळणात आहे. गेले होते ते वर्गाची प्रयोगशाळा आणायला, परत आले ते वेधशाळेचा बेत घेऊन. इंग्लंडमधील जाणत्या खगोलशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने ठरले की नुसते टेबलावरचे वर्णपटदर्शक घेण्याऐवजी दुर्बिणीला जोडायचे घ्यावे आणि ताऱ्यांचे वर्णपट अभ्यासणारी वेधशाळाच काढावी. सल्ल्यामागचे कारण उघड आहे. इंग्लंडचे आकाश ढगाळ, आणि आपल्याकडे पावसाळा सोडला तर महिनोन्‌महिने निरभ्र रात्री. शिवाय दक्षिणेकडील जे तारे लंडनच्या क्षितिजावर उगवतही नाहीत, ते येथून दिसतात. मुंबईच्या दमट, धुरकट हवेपेक्षा पुणे बरे, म्हणून वेधशाळेची जागा पुण्याच्या ‘कॉलेज ऑफ सायन्स’मध्ये ठरली आणि नायगमवालाही पुण्यास आले. १८५४ साली निघालेली अभियांत्रिकीची ही शाळा त्या काळी विज्ञानाचे महाविद्यालय म्हणून चालत होती.

१८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली. तिचे नाव महाराज तख्तसिंहजी वेधशाळा. तिच्यातली मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कारखान्याच्या बनावटीची. तिचा आरसा पुढे २० इंची झाला आणि अनेक दशके भारतात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. दुर्बिणीत मोठेपणा हवा तो ताऱ्याचा आकार वाढविण्यासाठी नव्हे. आरसा म्हणजे उजेडाचे पाणी साठवणारा हौद. ताऱ्याचा इवलासा उजेड लोलकातून पसरून त्याचा लांब पट्टा करायचा म्हणजे तो आणखी पातळ होणार. म्हणून हौद मोठा हवा.

या दुर्बिणीने नायगमवाला यांनी मृगाच्या तलवारीतील तेजोमेघाकडे पाहिले. त्या अंधूक धुक्याच्या वर्णपटात अखंड पट्टा नाही, काही सुट्या तेजस्वी रेषा आहेत, आणि त्यांतली सर्वांत ठळक रेषा हिरवी. ती कशाची, यावर युरोपात मोठा वाद माजला होता. सर नॉर्मन लॉकियर हे त्या काळातले बडे प्रस्थ, ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाचे संस्थापक. त्यांचे म्हणणे असे की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे. तसे असेल तर रेषेची एक बाजू रेखीव आणि दुसरी विरत गेलेली दिसायला हवी. पुण्यातून पाहणाऱ्या नायगमवाला यांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव, बारीक आणि स्वच्छ दिसली. १८९१ साली त्यांनी हे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केले. एका वसाहतीतल्या महाविद्यालयाचा चौतिशीतला प्राध्यापक, आणि विरुद्ध बाजूला लॉकियर! निरीक्षण पुण्याच्या बाजूनेच खरे ठरले. ती रेषा कशाची, हे मात्र १९२७ साली अमेरिकेच्या बोवेनने दाखविले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती सही होती. पृथ्वीवरच्या दाट हवेत ती उमटतच नाही.

थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. नायगमवाला मृगाच्या तेजोमेघाचा उजेड लोलकातून पाहत होते, त्याच सुमारास त्याच पुण्यात लोकमान्य टिळक मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ ठरवीत होते. त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ चा. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आपला थोर ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध केला, तोही पुण्यातच. एकाच नगरात तिघे आकाशाकडे पाहत होते. एकाला तेथे श्रुती दिसत होती, दुसऱ्याला परंपरा, तिसऱ्याला रसायन. पुण्याचा हा काळ राजकारणासाठी आणि सुधारकांच्या वादासाठी आपण पाठ करतो. आकाशाची ही बाजूही अभ्यासक्रमात यायला हरकत नसावी.

सूर्याच्या अभ्यासात सरकारला मात्र वेगळाच रस होता. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर, सूर्यावरील डागांच्या कमी-जास्त होण्याशी पावसाचा काही संबंध आहे काय, याची चर्चा जोरात सुरू झाली. सूर्य वाचता आला तर दुष्काळ आधी कळेल, अशी ती आशा. पुढे १८९९ साली दक्षिणेत कोडाईकनाल येथे सरकारी सौर वेधशाळा स्थापन झाली, तिच्यामागे ही आशा होती. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला ही आशा काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. सूर्याने काही पावसाचे वेळापत्रक हाती लागू दिले नाही. पण आपल्या दुष्काळामुळे सूर्याचे शास्त्र वाढले, हे इतिहासाचे एक विचित्र देणे आहे.

आता त्या दिवसाकडे येऊ. शके १८१९, पौष वद्य अमावास्या, शनिवार, २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते, आणि चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे साऱ्या भारतावरून जाणार होती. तीस वर्षांपूर्वी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, अशीच सावली विजापूर-गुंटूरवरून गेली होती. त्या वेळी गुंटूरला फ्रान्सचे जान्सन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्या वर्षीच्या निरीक्षणांत सोडियमच्या शेजारी, पण सोडियमची नसलेली, अशी एक पिवळी रेषा आढळली. पृथ्वीवर तिचा मालक सापडेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले, आणि १८९५ साली रॅम्से यांना तो वायू पृथ्वीवरच्या खनिजात सापडला. १८९८ चे ग्रहण आले तेव्हा ही गोष्ट ताजी होती. जगभरचे शास्त्रज्ञ भारतात उतरले. स्वतः लॉकियर विजयदुर्गला आले. तेथील किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध येथेच लागला असेही सांगतात. हा मात्र सालांचा घोटाळा आहे. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गला ते आले ते याच १८९८ च्या ग्रहणाला. इंग्लंडची दुसरी मंडळी वऱ्हाडात तळणीला आणि वर्ध्याजवळ पुलगावला उतरली.

नायगमवाला यांनी जागा निवडली ती सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्थानक. काचेची नाजूक उपकरणे आगगाडीने थेट नेता येणार होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच आले, चाळीस फूट लांबीचा प्रचंड कॅमेरा घेऊन. नकाशावर पट्टी ठेवून जेऊर आणि पुलगाव ही दोन गावे जोडून पाहावीत. ती रेघ चौसाळ्याच्या आसपास आपल्या जिल्ह्यात शिरते आणि माजलगावच्या परिसरातून पुढे जाते. म्हणजे त्या दुपारी आपल्या गोदाकाठी आणि बालाघाटावरही भर दिवसा सावली पडलेली असणार, तारे दिसले असणार, पक्षी घरट्यांकडे वळले असणार. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आपल्या खापरपणजोबांनी दारे लावून घेऊन, दर्भ ठेवून, ग्रहण सुटायची वाट पाहिली असेल. त्यांच्यापासून काही कोसांवर मात्र एक प्राध्यापक त्या दोन मिनिटांसाठी महिनोन्‌महिने तयारी करून उभा होता.

काळही मोठा कठीण होता. पुण्यात प्लेगची दुसरी साथ चालू होती. आदल्या वर्षी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. चापेकरांवरील खटला आणि टिळकांचा कारावास यांनी शहर सुन्न झाले होते. अशा पुण्यातून आपली मंडळी आणि सामान घेऊन नायगमवाला जेऊरच्या माळावर आले.

ग्रहणाच्या वेळी वर्णपट घेण्यात काय विशेष, असे कोणी विचारील. एरवी सूर्याच्या तेजापुढे त्याच्या भोवतालचे पातळ वातावरण दिसतच नाही. चंद्राने तबकडी पुरती झाकली की क्षणभर फक्त त्या वातावरणाची, तांबूस वर्णगोलाची, अगदी बारीक कोर उरते. त्या क्षणी चमत्कार घडतो. ज्या जागी सूर्याच्या पट्ट्यात काळ्या रेषा होत्या, त्याच जागी त्या एकाएकी उजळून झळकतात. सूर्याचा प्रखर उजेड गिळून काळे पडणारे वायू, तो उजेड मागून काढून घेतला की स्वतःच्या तेजाने दिसू लागतात. किर्खोफने प्रयोगशाळेत सांगितलेला नियम आकाश आपल्या हाताने फळ्यावर लिहून दाखविते. ती कोर इतकी बारीक असते की वेगळी फट लागतच नाही. लोलकातून छायाचित्र घेतले तर प्रत्येक रेषा चंद्रकोरीसारखी वाकडी उमटते. हे सारे काही सेकंद टिकते. मग खग्रास स्थितीत मोतिया रंगाचा किरीट दिसतो, त्याचा वर्णपट निराळा. आणि शेवटी पुन्हा काही सेकंद ती झळक.

जेऊरला खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. दुपारी एकच्या सुमाराचे आकाश निरभ्र होते. अशा कामात कोणी काय करायचे, कोणती काच केव्हा सरकवायची, किती अंक मोजेपर्यंत झाकण उघडे ठेवायचे, याची तालीम आधी पुनःपुन्हा करावी लागते. डोके वर करून ग्रहण पाहण्याची मुभा बहुतेकांना नसते. सुंदर दृश्याकडे पाठ करून त्याची नोंद घेणे, यासारखी कठोर तपश्चर्या दुसरी नसेल. नायगमवाला यांना वर्णगोलाच्या आणि किरीटाच्या वर्णपटांची छायाचित्रे मिळाली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या नेतृत्वाखाली, भारतातील वेधशाळेने, आधुनिक वर्णपटशास्त्राच्या साधनांनी खग्रास ग्रहणाचा असा अभ्यास करण्याचा हा आरंभीचा आणि मोठा प्रसंग होय. महाराज तख्तसिंहजी मात्र तो पाहायला नव्हते. १८९६ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

यानंतरची कथा थोडक्यात संपते, आणि ती वाचताना मन खिन्न होते. वेधशाळेचा संचालक एकच, तो म्हणजे नायगमवाला. त्यांच्या हाताखाली तयार होऊन त्यांची जागा घेईल असा कोणी पुढे आला नाही, किंवा सरकारने येऊ दिला नाही. कोडाईकनालला सरकारी वेधशाळा उभी राहिल्यावर पुण्याची दुसरी कशाला, असा विचार बळावला. १९११ साली कॉलेज ऑफ सायन्सचे रूपांतर अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. १९१२ साली नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. दुर्बीण आणि उपकरणे खोक्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. तेथे तेव्हा संचालक होते जॉन एव्हरशेड, १८९८ च्या त्याच ग्रहणात वऱ्हाडातल्या तळणीला वर्णपटाची छायाचित्रे घेणारे!

यावर दोन मते होऊ शकतात. एक असे की १८८४ मध्ये इंग्लंडच्या पंडितांनी दिलेला सल्ला थोर होता. त्यामुळेच पुण्याला देशातली सर्वांत मोठी दुर्बीण मिळाली, मृगाच्या रेषेचा निर्वाळा मिळाला, जेऊर घडले. दुसरे मत असे, आणि मी या बाजूला झुकतो, की महाराजांचे पाच हजार रुपये मुळात ज्या कामासाठी दिले होते तेच जर झाले असते, एल्फिन्स्टनमध्ये बाके मांडून, प्रत्येक बाकावर एक लोलक, एक फट आणि मिठाची ज्योत ठेवून वर्षानुवर्षे शिकणाऱ्या मुलांना वर्णपट दाखविला गेला असता, तर १९१२ साली एका माणसाच्या निवृत्तीबरोबर सारे संपले नसते. वेधशाळेला कुलूप लावता येते. पंचवीस वर्षांत बाहेर पडलेल्या हजार विद्यार्थ्यांना कुलूप कसे लावणार? माझे हे म्हणणे आमच्या भौतिकीच्या सरांना मान्य नाही. त्यांच्या मते मोठे संशोधन डोळ्यांपुढे असल्याशिवाय बाकावरचा लोलक ही नुसती खेळणी होऊन बसते, आणि संशोधन बंद पाडणाऱ्या सरकारचा दोष मी उगाच सल्ल्याच्या माथी मारतो आहे. त्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण दहा हजारांचा तो पहिला बेत फारच लवकर विसरला गेला, एवढे तरी त्यांनी मान्य करावे.

निवृत्तीनंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले. या काळात वर्णपटाच्या शास्त्रात भारताचे नाव दुमदुमले. १९२० साली मेघनाद साहा यांनी सूर्याच्या वर्णगोलातील रेषांचे कोडे सोडविले. ग्रहणाच्या त्या क्षणिक झळकेत काही मूलद्रव्यांच्या रेषा फार उंचीपर्यंत का दिसतात आणि काहींच्या का नाही, याचे उत्तर त्यांनी उष्णता व दाब यांच्या हिशेबातून काढले. जेऊरच्या माळावर ज्या प्रकारच्या रेषांची छायाचित्रे घेतली होती, त्यांचाच हा अर्थ. १९२८ साली रामन यांना विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात नव्या रेषा सापडल्या आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोघेही कलकत्त्याच्या विद्यापीठातून पुढे आलेले. तेथे प्रयोगशाळा होत्या, शिष्य होते, शिष्यांचे शिष्य होते. १९३८ साली नायगमवाला यांचे निधन झाले.

पुण्याची ती २० इंची दुर्बीण कोडाईकनालला बरीच वर्षे पडून राहिली. स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा उभारून वापरात आणली गेली. पुढे १९८० नंतरच्या दशकात, हिमालयातले आकाश वेधशाळेसाठी कसे आहे हे तपासण्यासाठी ती लडाखमध्ये लेहलाही नेण्यात आली. तिला भावनगर दुर्बीण असे म्हणतात. पैसे देणाऱ्याचे नाव तिला चिकटले, तिच्यातून रात्री जागवणाऱ्याचे नाही.